बेटावरची कंपनी आणि आईचा काटा

आमच्या गावात ज्याचा सत्कार झाला नाही असा माणूस शोधावा लागतो. बारावी पास झालेल्याचा होतो, निवडणूक हरलेल्याचा होतो, रक्तदान करणाऱ्याचा होतो आणि रक्तदान शिबिरात केळी वाटणाऱ्याचाही होतो. तेव्हा आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचं नाव परदेशात फुटलेल्या कागदपत्रांत निघालं म्हणून त्यांचाही सत्कार झाला, याचं मला नवल वाटायला नको होतं. तरी वाटलं. मी नुकतीच नागपुरातून पदवी घेऊन घरी आले होते, आणि हॉस्टेलवर राहून माणूस आपलं गाव थोडं विसरतो.

त्याच सुमारास आईचा काटा जप्त झाला होता.

आमची भाजीची वाडी आहे. बाबा पिकवतात आणि आई आठवडी बाजारात विकते. तिचा काटा म्हणजे हातात धरायचा साधा लोखंडी तराजू. त्याच्यावर आणि वजनांवर ठरावीक मुदतीने सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. आईच्या काट्याची मुदत संपली होती. बाजारात तपासणी आली, साहेबांनी काटा उचलला आणि सांगितलं की वर्ध्याला येऊन दंड भरा, शिक्का मारून घ्या आणि घेऊन जा. आईने वाद घातला नाही. "चूक माहीच," म्हणाली.

पण काट्याशिवाय भाजी वाट्यांनी, म्हणजे छोटे ढीग लावून, विकावी लागते. वांग्यांचा एक वाटा, टमाट्यांचा एक वाटा. आमच्या बाजारात वाट्याला कोणी फार किंमत देत नाही. बायका उभ्या राहायच्या, वाटा डोळ्यांनी तोलायच्या, "काट्यावर देत असशीन तं दे" म्हणायच्या आणि शेजारच्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे जायच्या. आई वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, मूठभर टाकायची, तरी संध्याकाळी निम्मी वांगी परत यायची. ती एकदा एसटीने वर्ध्याला जाऊन आली. साहेब दौऱ्यावर होते. वाडीतली कामं सोडून पुन्हा कधी जायचं ते ठरत नव्हतं.

"भाऊले सांग ना वो," जो तो तिला सांगायचा. "एक फोन लावतीन, काटा घरी येईन."

भाऊ म्हणजेच अध्यक्ष. त्यांचं कॉन्व्हेंट आहे. आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, आत नन असो की नसो. मी तिथेच शिकले. तिथे मी इंग्रजी शिकले आणि गप्प राहायला शिकले, आणि दोन्हींचा उपयोग होतो.

बातमी आली त्या सकाळी मी दूध घेऊन परत येत होते. चौकातल्या पानठेल्यावर चार-सहा माणसं एका इंग्रजी पेपरभोवती गोळा झाली होती. तो पेपर उलटा धरला असता तरी त्यांच्यातल्या कोणाला कळलं नसतं.

"ये बेटा इकडं," ठेलेवाले काका म्हणाले. "तू तं कॉन्व्हेंटची. वाच बरं, काय लिवलं हाय भाऊबद्दल."

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. परदेशातल्या एका वकिली फर्मची कागदपत्रं बाहेर आली आहेत. जगभरच्या श्रीमंतांनी दूरच्या बेटांवर नुसत्या नावाच्या कंपन्या काढल्या आहेत. तिथे ऑफिस नसतं, कामगार नसतात, फक्त एक टपालपेटी असते. नफा तिथे दाखवायचा, कारण तिथे कर लागत नाही. अशा एका कंपनीचे संचालक आपले अध्यक्ष आहेत.

मला वाटलं, आता संताप येईल.

"म्हंजे चोरी काय ही?" एकाने विचारलं.

"चोरी असती तं पोलीस आले असते," ठेलेवाले काका म्हणाले. "आले काय पोलीस?"

"नाई."

"मंग!"

आमचे एक निवृत्त मास्तर होते, ते पुढे झाले. "हिंगणघाटचं कोणी हाय काय त्याच्यात?"

"नाही," मी म्हणाले.

"वडनेरचं?"

"नाही, सर."

"म्हंजे या पट्ट्यात एकटे भाऊच!" मास्तरांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू त्यांचाच विद्यार्थी गुणवत्ता यादीत आला होता. खरं तर आलाच होता. भाऊ त्यांच्याच वर्गात शिकलेले.

बातमीच्या तळाशी एक वाक्य होतं. परदेशात कंपनी असणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पेपरवाल्यांनी ते वकिलांच्या धाकाने टाकलं असावं. मी तेही प्रामाणिकपणे सांगितलं.

"हे पुन्हा वाच," मास्तर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. मग नव्याने आलेल्या दोघांसाठी आणखी एकदा वाचलं. टपालपेटीचा परिच्छेद मात्र कोणी पुन्हा वाचायला सांगितला नाही.

तो आठवडा संपायच्या आत चौकात फ्लेक्स लागला. 'सातासमुद्रापार नाव झळकल्याबद्दल भाऊंचे हार्दिक अभिनंदन'. खाली लाल अक्षरांत 'विदेशात कंपनी असणे गुन्हा नाही!' हा माझा अनुवाद होता, उद्गारचिन्ह तेवढं त्यांनी लावलेलं. फ्लेक्सवाल्याने मागे काय टाकू म्हणून विचारलं असणार आणि कोणीतरी 'बेट' म्हटलं असणार, कारण हात जोडलेल्या भाऊंच्या मागे निळा समुद्र, पांढरी वाळू आणि नारळाची झाडं होती. तळाशी शुभेच्छुकांचे फोटो. त्यात मास्तर गॉगल घालून होते.

गावात राग कुठेच नव्हता असं मी म्हणणार नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री कोणीतरी 'लाज वाटली पाहिजे' असं लिहिलं. सकाळी उठून पाहिलं तर संदेश काढून टाकलेला, आणि त्याच्या खाली त्याच माणसाने सूर्य उगवतानाचा शुभ प्रभात टाकलेला. एवढ्यावर आमचा जनक्षोभ आटोपला.

मग मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला. सत्काराला इंग्रजीतून सन्मानपत्र वाचायचं होतं. 'व्हिजनरी लीडर' वगैरे मजकूर तयार होता, वाचणारी माजी विद्यार्थिनी हवी होती. मी काही कारण शोधत होते. आई शेजारी वांगी निवडत बसली होती, तिने हातानेच 'हो म्हण' अशी खूण केली.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "आई, त्यांनी कर चुकवायला कंपनी काढली आहे. आणि तुझा काटा एका शिक्क्यासाठी गेला. अशा माणसाला मी व्हिजनरी म्हणू?"

"मले समजत नाई असं वाटते काय तुले?" आईने एक मऊ पडलेलं वांगं बाजूला टाकलं. "पन हे नासून राह्यले, त्याचं काय करू? तू वाच. मी भाऊले काट्याचं सांगीन. आपलं काम झालं, आपन घरी."

मी हो म्हणाले.

शाळेच्या मैदानात मंडप होता. एका वक्त्याने सुरुवातीलाच टाळ्या घेतल्या: "विरोधक म्हन्ते, गावचा पैसा बाहेर गेला. अरे, पैसा नाई गेला, गावचं नाव बाहेर गेलं!" दुसऱ्याने बेटाची तुलना काशीशी केली, का ते तो मध्येच विसरला. मी सन्मानपत्र वाचलं. माझा आवाज मुळात लहान, त्यात माइक उंच. मी श्वास घ्यायला थांबले की लोक टाळ्या वाजवत. मॅडमनी लिहिलेली सगळी विशेषणं मी एकही न गाळता वाचली आणि खाली पाहत बाजूला उभी राहिले. अध्यक्षांना शाल घातली, नारळ दिला. त्यांच्या मागे मंडपातल्या तशाच दुसऱ्या फ्लेक्सवर नारळाची रांगच होती, तरी दिला.

शेवटी बचत गटाच्या बायकांनी औक्षण केलं. आई त्यांच्यात होती. तिने ओवाळलं आणि ताट हातात धरून तिथेच उभी राहिली. माइक अध्यक्षांच्या पुढ्यात चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या मंडपाने ऐकलं.

"भाऊ, माहा काटा जप्त झाला."

"कायले वो ताई?"

"शिक्का नव्हता त्याच्यावर."

अध्यक्षांनी माइककडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं आणि आवाज थोडा चढवला. "मंग मारून घ्याले पायजे ना शिक्का! कायदा तं सगळ्यायले सारखाच असते, ताई."

"हो भाऊ, चुकलंच माहं," आई म्हणाली. "तुमच्या बेटावर नेऊन ठेवाले पायजे होता. तिकडं शिक्का नाई लागत म्हन्ते."

आधी ताटं धरलेल्या बायका हसल्या. मग मागे मोटरसायकलींवर बसलेली पोरं हसली, ठेलेवाले काका तर खुर्चीवरून वाकले. अध्यक्षही हसले, सगळ्यांत मोठ्याने. मास्तर हसले नाहीत, ते मॅडमकडे पाहून मान हलवत राहिले. आईचा चेहरा वांगी निवडताना असतो तसा होता. ती विनोद करायला गेली होती की काट्यासाठी, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. काट्यासाठीच गेली होती. पण नियम सारखे आहेत हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर तिचा बेत बदलला असावा.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आता काही फोन नाई लावत तो."

फोन लावला नाही, पण अध्यक्ष हुशार माणूस. गावात ते वाक्य फिरत होतं, ते त्यांना थांबवायचं होतं. एका संध्याकाळी त्यांचा कार्यकर्ता मोटरसायकलवर खोकं घेऊन आला. आत नवाकोरा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्याच्या दर्शनी बाजूला हात जोडलेल्या भाऊंचं स्टिकर, 'सप्रेम भेट'.

"घ्या काकू. भाऊनं पाठवला."

आईने काटा उलटा केला, बाजूला फिरवला, चष्मा लावून पुन्हा पाहिला. "याच्यावर शिक्का कुठी हाय?"

"शिक्का कायले पायजे? भाऊचा फोटो हाय ना याच्यावर. कोन हात लावते?"

"मंग हा बी जाईन," आईने काटा खोक्यात ठेवला. "भाऊले म्हना, तुमच्यापाशीच ठेवा. मले माहा पायजे."

"अव काकू, फुकट भेटून राह्यला!"

"म्हूनच."

कार्यकर्त्याने माझ्याकडे पाहिलं, शिकलेली पोरगी काही समजावेल म्हणून. मी खोक्याचं झाकण लावून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एकट्याने वाडीला पाणी दिलं आणि आम्ही दोघी वर्ध्याला गेलो. त्या दिवशी साहेब जागेवर होते. दंड भरला, काट्यावर आणि प्रत्येक वजनावर शिक्का बसला. साहेबांनी तिला पुढच्या वेळेची मुदत समजावून सांगितली आणि तिने ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. परतीच्या एसटीत काटा तिच्या मांडीवर होता. कंडक्टरने "मावशी, सोनं हाय काय?" म्हणून विचारलं, तिने काट्यावर पदर ओढून घेतला.

त्या कागदपत्रांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पेपरमध्ये चौकशी होणार असं काही दिवस येत होतं, मग यायचं थांबलं. चौकातही कोणाचा तरी वाढदिवस आला आणि भाऊंचा फ्लेक्स उतरला. आमच्याकडे उतरलेले फ्लेक्स वाया जात नाहीत, भाजीवाले खाली अंथरायला नेतात. आईच्या वाट्याला अर्धा आला. समुद्र, नारळाची झाडं आणि हनुवटीपासून खालचे भाऊ. तिने तो सुलट बाजूने अंथरला आणि वाळूवर वांग्यांचा ढीग लावला.

"काय वो वहिनी," पिशवी घेऊन आलेले ठेलेवाले काका म्हणाले, "भाऊच्या छातीवर वांगे?"

"बेटावर ठेवले," आई म्हणाली. तिने काटा उचलला, दांडी सरळ झाल्यावर आणखी एक वांगं टाकून पारडं खाली नेलं आणि वरून सांभार दिला. "तिकडं काही लागत नाई म्हन्ते."

तेवढ्यात बाजारकराची पावती फाडणारा समोर येऊन उभा राहिला. आईने गोणपाटाखालून चिल्लर काढली आणि त्याला दिली.