मिरची येण्याआधीची चूल

अनुपमा कर्णिक मूळची ठाण्याची. लग्न होऊन दुबईत आली, ऊद मेथामधल्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवू लागली आणि अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये संसारात रमली. मुलगी शुभ्रा शिकायला कॅनडाला गेली, त्या वर्षी मात्र घर तिला खायला उठलं. नवरा विजयकुमार बँकेतून यायचा, बातम्या लावायचा आणि सोफ्यावरच पेंगायचा.

शाळेत हारुन नावाचे इतिहासाचे शिक्षक होते, कोळिकोडचे. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी तिच्या डब्यातलं सुकट खाल्लं आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या काफिल्यात या. तिथे सगळ्यांना तलवारी हव्यात, चूल कोणालाच नको."

काफिला म्हणजे हौशी लोकांचा गट होता. रास अल खैमाजवळ एका खजुराच्या बागेत हिवाळ्यातले काही दिवस तंबू ठोकायचे आणि सातशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उतरलेले व्यापारी, खलाशी, कारागीर जसे राहत असतील तसं राहायचं. कपडे हातांनी शिवलेले, भांडी मातीची नाहीतर तांब्याची, मोबाइल आणि घड्याळं गाडीत. प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं. अनुपमा झाली ठाण्याच्या बंदरातून तांदूळ घेऊन आलेल्या व्यापाऱ्याची बायको. व्यापारी म्हणून विजयकुमारला धोतर नेसवण्यात आलं. "बँकेत कोणी फोटो बघितला तर खलास," म्हणत तो नेसला.

पहिल्याच बैठकीत हारुननी सांगितलं, "मिरची नाही. ती तेव्हा आपल्याकडे आलीच नव्हती."

"मिरची नाही?" अनुपमा म्हणाली. "मग बटाटा?"

"तोही नाही. टोमॅटो नाही, शेंगदाणे नाहीत, काजू नाहीत."

"मग माणसं जेवत काय होती हो?"

"तेच तर तुम्ही आम्हाला दाखवायचं."

तिने मनावर घेतलं. महिनाभर अल बर्शाच्या स्वयंपाकघरात मिरी, सुंठ, हिंग आणि आमसुलं यांचे प्रयोग चालले. मिरी कधी घालावी, सुरुवातीला की उतरवताना, हे ठरवायला तिने पाच वेळा सार केलं आणि विजयकुमार ते निमूटपणे प्यायला. शुभ्राला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मम्मा, आर यू सीरियस? यू कान्ट लिव्ह विदाउट चिलीज!"

पहिल्या मुक्कामात चूल धुमसत राहिली, भाताला धुराचा वास लागला आणि अनुपमाच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. बागेचा राखणदार शाहबाज मुलतानचा. तो लांबून बघत होता. शेवटी उठून आला, खजुराच्या वाळक्या झावळ्या आत सरकवल्या आणि थोरल्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाला, "बाजी, हवा किधर से है, पहले वो देखो." त्या दिवसापासून लाकडं त्याची आणि फोडणी तिची असं ठरूनच गेलं. सुक्या बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी आणि मुगाचं कढण असा बेत जमला, तेव्हा काफिल्यातली पोलंडची मार्टा बोटं चाटत म्हणाली, "मी आजवर उगाच चिलखत शिवत बसले."

चहाचं मात्र अवघड होतं. चहाही तेव्हाचा नाही. सकाळी विजयकुमार "घोडे बघून येतो" म्हणून निघे. काफिल्यात घोडे नव्हतेच. अनुपमा एकदा मागोमाग गेली, तर धोतर, पागोटं, झगे घातलेली सहा-सात माणसं गाडीच्या आडोशाला थर्मासभोवती उभी होती आणि त्यात स्वतः हारुन होते. तिला बघून ते ओशाळले. "मॅडम, गाडीतल्या वस्तूंना नियम लागू नाही," ते म्हणाले. अनुपमाने पदरानेच कप धरला आणि प्यायली.

असे कितीतरी हिवाळे गेले. आज ती म्हणते, नोकरीतली वर्षं मला सरळ आठवत नाहीत, मुक्काम आठवतात.

एका जानेवारीत विजयकुमारच्या छातीत दुखलं. बायपास झाली. महिन्याभराने मुक्काम होता, दोघं अर्थातच गेली नाहीत. मुक्कामाच्या रविवारी दुपारी खालून वॉचमन मिथुनचा इंटरकॉम आला. तो हळू आवाजात बोलत होता. "मॅडम, नीचे कोई पुराने जमाने के लोग आये हैं. भेजूं क्या?"

लिफ्टमधून मार्टा उतरली डोक्याला कापड गुंडाळून, मागून पागोटं घातलेले हारुन, आणि दोघांच्या मधे तांब्याचं पातेलं धरून शाहबाज. कपडे बदलायला थांबलो असतो तर गार झालं असतं, एवढंच हारुन म्हणाले. पातेल्यात मुगाचं कढण होतं. मीठ कमी, तूप नाही, मिरी बेताची. शाहबाजने केलं होतं.

विजयकुमारला दवाखान्यातून आल्यापासून अन्न जात नव्हतं. त्या दिवशी तो दोन वाट्या प्यायला. मग त्याने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. तो म्हणाला, "अनू, आपली इथे माणसं आहेत गं." इतक्या वर्षांत तो असं काही बोलला नव्हता. अनुपमा पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि ओट्याला टेकून रडली.

पुढे काफिला पांगला. भांडण झालं नाही, काही नाही. आखाती गावांत होतं तसंच झालं. मार्टाच्या नवऱ्याची बदली झाली. हारुन निवृत्त होऊन कोळिकोडला गेले. विमानतळावर त्यांनी अनुपमाला वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाले, "व्यापाऱ्याच्या बायकोला सांगा, वारा फिरला, जहाज निघालं." ग्रुपवर अजून नोव्हेंबर लागला की कोणीतरी लिहितं, "यंदा?" जगभरातून लाल बदामाचे इमोजी येतात. कोणी येत नाही.

गेल्या डिसेंबरात विजयकुमारच म्हणाला, "चल, आपण दोघंच जाऊ." शाहबाज अजून तिथेच होता, दाढी पिकली होती. तंबू ठोकायला माणसं नव्हती, म्हणून त्यांनी झाडाखाली चटई टाकली. अनुपमाने भात रांधला, बांगडा भाजला. जेवताना तिघं जुन्या माणसांच्या गोष्टी काढत बसले. कोण घोरायचं, कोणाचा तंबू दरवेळी पडायचा.

"बाकी लोग नहीं आयेंगे अब?" शाहबाजने विचारलं.

"नाही रे," अनुपमा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण मराठीत बोललो. पण त्याला कळलं होतं. तो उठला आणि विजयकुमारच्या पानात अजून भात वाढू लागला.