तीन तुकड्यांची चाल

पुढे गेलेली माणसं मागे कशी आणायची, हे शाळेत आठवीनंतर शिकवत असावेत. मी आठवीतच शाळा सोडली.

सांगलीकडून निघालो तो थेट नंदुरबारला, नानांच्या मिरचीच्या पथारीवर कामाला लागलो. (पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. लांबून लाल गालिचा, जवळून शिंका!) नाना आणि त्यांच्या पत्नी जिजींनी घरातच जागा दिली. तरी आपण परके, कधीही पिशवी भरायला सांगतील, ही धास्ती जाईना. त्यात त्यांच्या लेकीचं, ताईचं लग्न ठरलं. मी बेंजो बरा वाजवतो. नाना म्हणाले, "हळदना नाच तूच सांभाळ. तू घरनाच शे." घरनाच, म्हणजे घरचाच! आता चाल अशी निवडायची, की हा शब्द परत घेतला जाऊ नये.

इथे एकमेकांच्या कमरेत हात घालून लांब ओळ नाचते. चालीच्या पहिल्या तुकड्याला पुढे, दुसऱ्याला मागे. चाल थांबेपर्यंत हात सोडायचा नाही. म्हणजे चाल दोन तुकड्यांचीच हवी. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण इथे ते पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक! मी निवडली आमच्या गावच्या बँडची, तीन तुकड्यांची. (तिसरा इतका गोड, की सोडवेना.)

हळदीच्या संध्याकाळी ओळ पुढे गेली, मागे आली, तिसऱ्या तुकड्याला पुन्हा पुढे. चाल नव्याने सुरू झाली, की आणखी पुढे! मांडव मागे पडला. मला वाटलं, रंग चढतोय, वेग वाढवला. ओळीच्या मध्यभागी ताईच्या होणाऱ्या सासूबाई, शेजारी नाना. नाना तोंड उघडून काहीतरी सांगत होते. गाताहेत असं समजून मी आवाजही वाढवला.

मग अख्खी ओळ मांडवापलीकडच्या पथारीवर! वाळक्या मिरच्या कडाकडा फुटल्या, तांबडा धुरळा उठला आणि वऱ्हाड तालात शिंकू लागलं.

मी थांबलो. मनात पिशवी भरलीसुद्धा. नाना नाक पुसत सासूबाईंना म्हणाले, "हाऊ बाहेरना ऱ्हाता ते आजच स्टेशनवर पोचाडी देतू. घरना शे, काय करू?"

दुसऱ्या दिवशी पाठवणी निघाली, तेव्हा मी फुटलेल्या मिरच्या वेचत होतो. तसाच धावलो, घाम आला म्हणून त्याच हातांनी तोंड पुसलं. मग जे रडलो! खुद्द ताई गाडीतून उतरून माझी समजूत काढू लागली. जिजी पाहुण्यांना सांगत होत्या, "बहीण सासरे चालनी म्हनीसन पोऱ्या कसा रडी ऱ्हायना, देखा."

ताईच्या सासरी अजून माझ्या मायेचा दाखला देतात. मी नम्रपणे मान खाली घालतो. मिरची नानांची गेली, नाव माझं झालं!