रॉकीच्या नावानं

शेवगावच्या स्टँडवर संगमनेरची गाडी लागली तेव्हा दादा, माझे वडील, शेजारीच उभे होते. खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी माझी जागा धरली, वर चढून माझी बॅग फळीवर ठेवली, ती घसरते का हे दोनदा हलवून पाहिलं आणि खाली उतरले. नखांच्या कडेला कालच्या कामाचं सिमेंट तसंच होतं. गाडी सुटता सुटता ते खिडकीशी आले.

"गान्याचं काम हाय म्हनतूस ना? मंग गान्याचंच कर."

एवढंच. मी एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटलं, आशीर्वाद आहे. ती अट होती हे समजायला मला पुढची काही वर्षं लागली.

दादा गवंडी होते. त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, गावाची हलगी होती. गावात लग्न निघालं, जत्रा भरली, दवंडी द्यायची झाली की निरोप यायचा आणि आजोबांनी निघायचं. हातातला घास तसाच ठेवून निघायचं. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला, तेव्हा आजोबांनी हलगीचं कातडं फाडलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. आजीनं त्या जाळावर भाकरी भाजल्या. दादा तेव्हा लहान होते, पण त्या भाकरीची चव आठवते असं सांगायचे. "आपन वाजवायचं सोडलं" हे आमच्या घरात असं बोललं जायचं, जसं दुसऱ्यांच्या घरात "आपली एवढी जमीन आहे" असं बोललं जातं.

मी भीमगीतं गाणाऱ्या एका पार्टीत कीबोर्ड वाजवायचो, त्याला मात्र दादांची ना नव्हती. जयंतीच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचे. गाण्यात शब्द असतात आणि शब्दांनी माणूस जागा होतो, असं त्यांचं म्हणणं. नुसतं वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहणं. या दोन्हींतली रेघ त्यांच्या मनात ओळंब्यानं मारल्यासारखी सरळ होती.

नेवाशाच्या अशाच एका कार्यक्रमात बापूशेठनं मला ऐकलं. संगमनेरात त्यांचं कॅसेटचं दुकान. "रिदमचं मशीन घेतलंय, चार ट्रॅकचा रेकॉर्डर घेतलाय," ते म्हणाले, "पन वाजवनारा मानूस न्हाई. येतूस का?" मी कॉलेजात नाव घातलेलं होतं आणि तिकडं माझं लक्ष नव्हतं. मी गेलो.

आमच्याकडची कोरडी रानं नेवाशापर्यंत सोबत होती. मग पाटाचं पाणी दिसायला लागलं, ऊस दिसायला लागला आणि संगमनेर जवळ आलं तेव्हा गाडीला दुधाच्या कॅनचा वास येत होता. एकाच जिल्ह्यात आपण परदेशात आलोय असं मला वाटलं. तुम्ही गावाकडची पोरं माझ्यानंतर खऱ्या परदेशात गेलात, तुम्हाला हसू येईल. पण परकं वाटायला पासपोर्ट लागत नाही.

दुकानाच्या मागे रेकॉर्डिंगची खोली होती. नाशिक-पुणे रोडच्या ट्रकांचा आवाज येतो म्हणून तिची एकुलती एक खिडकी विटांनी बुजवलेली. भिंतींना गोणपाट, त्यावर अंड्यांचे ट्रे ठोकलेले. पंखा होता, पण रेकॉर्डिंग चालू असताना तो बंद ठेवायचा आणि रेकॉर्डिंग दिवसभर चालू असायचं. त्याच खोलीत मी झोपायचो. जेवणाचा डबा शेठच्या घरून यायचा. चांगलं जेवण असायचं, सणावाराला पुरणपोळीसुद्धा. पण चार वर्षांत मला त्या घरी जेवायला कधी बोलावलं नाही. एकदाच गेलो, त्यांच्या टीव्हीचा आवाज फाटत होता म्हणून. पडवीत बसून स्पीकर दुरुस्त केला आणि आलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव बदललं. "मिलिंद कॅसेटवर चालत न्हाई. रॉकी ठेवू. 'रॉकी नॉनस्टॉप'. कसं?" मला आवडलं. कोण असेल हा रॉकी, मुंबईचा की बाहेरचा, असं लोकांना वाटावं यात मजा होती. त्या नावाला आडनाव लागत नाही आणि आडनाव नसलं की गिऱ्हाईक पुढचं काही विचारत नाही, हे शेठच्या केव्हाच लक्षात आलेलं होतं. माझ्या उशिरा आलं.

काम असं होतं की कुठलंही चलतीचं गाणं घ्यायचं, त्याच्याखाली मशीनचा ठोका टाकायचा आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना नाचणाऱ्यांचा पाय थांबता कामा नये. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर लावायला ही कॅसेट हातोहात जायची. लाईट गेली की मशीनमधलं सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून बोटांनी भरावं लागायचं. मी रोज काही ना काही पुन्हा भरत असायचो.

मग एक दिवस शेठनं मुंबईहून एक कॅसेट आणली. बाहेरच्या देशातली. तिच्यात गाणंच नव्हतं. नुसता ठोका, त्याच्यावर एक सूर हळूहळू उघडत जायचा, पुन्हा मिटायचा. मी हेडफोन लावून ती ऐकली आणि पहिल्यांदा त्या खोलीत मला मोकळं वाटलं. ही जागा मोठी आहे, तिला भिंत नाही, असं काहीतरी. गाणी भरायचं काम संपलं की मी तसं करायला लागलो. एक सूर धरायचा, त्याला ठोक्यावर चालवायचं, कंटाळा येईल असं वाटतं त्याच्या एक पाऊल आधी काहीतरी बदलायचं. आठ मिनिटांचा एक तुकडा झाला. शेठनी ऐकला.

"गानं कवा सुरू हुतं?"

"न्हाई हुत. हेच हाय."

ते हसले. पण पुढच्या कॅसेटला दुसऱ्या बाजूला जागा उरली, तेव्हा मोकळी फीत नको म्हणून त्यांनी तो तुकडा शेवटी टाकला.

त्या लग्नसराईत कोपरगावपासून काष्टीच्या बाजारापर्यंत लोक दुकानदारांना म्हणायला लागले, ते बी साईडच्या शेवटचं द्या. पोरं त्याच्यावर अशी नाचायची की वरात मंडपापाशी पोचतच नसे. माझं यश म्हणाल तर ते हेच. आणि त्यातच मी अडकलो. शेठला आता तसंच हवं होतं. वेगळं नको, तसंच. मी दुसरा सूर घेतला की म्हणायचे, "त्यो पयला कुटं गेला?" एकच तुकडा मी सहा-सात नावांनी केला. कंटाळ्याच्या एक पाऊल आधी बदलायचं, हे मला येत होतं. पण बदलायचं नाही, असं ठरलं होतं.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या एका लग्नाला घरी गेलो. टेम्पोवर माझंच वाजत होतं. शेजारच्या पोराला मी म्हणालो, "हे मी केलंय."

"जा की रं," तो नाचता नाचता म्हणाला, "रॉकी मुंबईचा हाय. माझ्या मामानं बघितलाय त्याला."

दादा ओट्यावर बसून होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या दुकानात गान्याच्या बी कॅसेटी निघत्यात ना?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

चौथ्या वर्षी शेठ एक हलगी घेऊन खोलीत आले. नवी, ताणलेली. रेकॉर्डरवर ठेवली.

"आता त्या बी साईडमधे ही टाक. मशीन अन् हलगी. महाराष्ट्र पेटंल."

"मला वाजवता येत न्हाई, शेठ."

"येतीया. तुमच्या लोकांच्या रक्तातच असती."

ते हे प्रेमानं म्हणाले, पाठीवर हात ठेवून. चार वर्षांत जात हा शब्द एकदाही निघाला नव्हता आणि मला वाटत होतं की रॉकीला ती नाहीच. त्यांच्या लेखी ती पहिल्या दिवसापासून होती, पडवीपर्यंत आणि डब्यापर्यंत मोजून ठेवलेली.

हलगी तशीच पडून राहिली. मी आज करतो, उद्या करतो म्हणायचो. नाही म्हणायचं धाडस नव्हतं आणि कुठं जायचं हेही माहीत नव्हतं. सगळी मशिनं त्यांची होती. नाव त्यांनीच दिलेलं. मला जे येत होतं ते त्या बुजवलेल्या खोलीच्या बाहेर कशावर करायचं? दार तर उघडंच होतं. चहाला मी रोज त्या दारातून बाहेर जायचो आणि रोज परत यायचो.

जयंतीलाही मी घरी गेलो नाही, तेव्हा आईनं दादांना पाठवलं. दुपारी शेठ जेवायला गेलेले असताना ते दुकानात आले. मी त्यांना मागे नेलं. आत येताच त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, गोणपाट जरा बाजूला केलं.

"हितं खिडकी हुती."

"व्हय. आवाज येतो म्हनून बुजवली."

"घाईत बुजवलीया," ते म्हणाले आणि गोणपाट सोडून दिलं. मग त्यांना हलगी दिसली.

ते तिच्याकडे वळले. मी आधीच बोलून टाकलं की मी वाजवली नाही. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू काय करतूस ते तर ऐकव." मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि तो आठ मिनिटांचा तुकडा लावला. मला वाटलं, मिनिटभरात काढून ठेवतील. ते स्टुलावर बसले, डोळे मिटले, शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचा अंगठा गुडघ्यावर हलत होता, पण माझ्या ठोक्यावर नाही. त्याच्या मधल्या कुठल्यातरी जागेवर, जी मी मोकळी सोडलेली होती. त्यांचं त्यांना ते कळत नसावं.

हेडफोन काढून ते म्हणाले, "ह्यात शबुद न्हाईत."

"न्हाईत."

"हे कुनी करायला सांगितलं?"

"कुनीच न्हाई. माझं मीच केलं."

"अन् ती?" त्यांनी हलगीकडे हनुवटी केली.

"ती शेठनी."

"मंग ती वाजवू नको," दादा उठत म्हणाले. "तुझ्या आज्याला वाजवायचा कटाळा नव्हता रं. लई हात हुता त्याचा. पन निरोप आला की जावं लागायचं, त्येचा कटाळा हुता. तुला वाजवावी वाटंल तवा वाजव. सांगितली म्हनून न्हाई."

इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्या घरात हलगीवर राग आहे.

दादा तीनच्या गाडीनं परत गेले. शेठ आल्यावर मी सांगितलं की हलगी मी वाजवणार नाही. ते चिडले नाहीत. "मग काय करनार?" म्हणाले. मी म्हणालो, जातो.

"तू जा. रॉकी हितंच राहील."

आणि तसंच झालं. महिन्याभरात दुसरा कोणी पोरगा त्या खोलीत बसला आणि 'रॉकी नॉनस्टॉप' निघतच राहिल्या. हलगी घातलेलीही निघाली, खूप चालली. मी तेव्हा पुण्यात दापोडीला एका मित्राच्या खोलीत राहत होतो आणि एका जाहिरातवाल्याच्या स्टुडिओत केबली गुंडाळत होतो. ती आठ मिनिटं माझी आहेत असं म्हटलं तर कोणी मानलं नसतं, म्हणून मी म्हटलं नाही. नव्व्याण्णव साली पुण्यातल्या काही क्लबांत माझा ठोका वाजायला लागला, एका सीडीवर 'मिलिंद' असं छापून आलं. तिथल्या पोरांना शब्द नसलेलं संगीत समजावून सांगावं लागत नव्हतं. पुढं बाहेरच्या देशांतही जाऊन आलो. पण कुठंही काही जमलं की लोक म्हणतात, तसंच अजून एक कर. तेव्हा ती खोली पुन्हा माझ्याभोवती उभी राहते, गोणपाटाच्या वासासकट. मी तिथून सुटलो का, हे मला नक्की सांगता येत नाही.

दादा गेले. हलगी मी अजून वाजवलेली नाही. वाजवावीशी वाटली नाही असं नाही, पण ते वाटणं माझं आहे की कोणी सांगितलेलं, याची मला अजून खात्री करता येत नाही.

तुम्ही जे गावीच राहिलात, तुम्ही मला विचारता की बाहेर काय कमावलं. एक सांगतो. इतकी वर्षं मोठ्या आवाजात बसून माझे कान गेले आहेत. पूर्ण नाही. उजव्या कानात सतत एक बारीक शिट्टी वाजत असते आणि मागून कोणी बोललं तर कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता ती थांबायची नाही. शेवगावला गेलो की दुपारी सगळी गल्ली शांत असते. ती शांतता मला दिसते, कडुनिंबाची सावली हलताना दिसते, पण ऐकू येत नाही. जिथं आवाज नाही अशी एकही जागा आता माझ्यासाठी जगात उरलेली नाही.

आईला हे मी सांगितलं नव्हतं. तिनं दोन-तीनदा स्वयंपाकघरातून हाक मारली असणार, मी ओ दिली नसणार. तिनं कारण विचारलं नाही. आता काही सांगायचं झालं की ती हातातलं काम ठेवते, पदराला हात पुसत बाहेर येते आणि माझ्या डाव्या बाजूला, अगदी जवळ येऊन बसते. मग बोलते. कुणाच्या शेतात कापूस किती आला, कुणाची सून माहेरी गेली. बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसतंच. पण तेवढ्यासाठी ती उठून येते, बसते आणि मला सगळं ऐकू येतं.