गप्प! मला ठोके ऐकू देत

आमच्या नणंदबाई प्रसूतिगृहात सिस्टर आहेत. तिथे सगळे त्यांना 'गप्पबाई' म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? बाई कळांनी ओरडत असो की तिची सासू सल्ले देत असो, यांचं एकच: "गप्प! मला ठोके ऐकू देत." घरीही तेच. कुकरने शिट्टी दिली तर त्यालासुद्धा गप्प. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, नणंद म्हणजे गप्पा मारायला हक्काचं माणूस. मारल्या हो गप्पा!

आणि माझं नशीब इतकं थोर, की बाळंतपणातही वाट्याला त्याच आल्या. त्यांनी माझ्या पोटावर पट्टा बांधला आणि यंत्र ठकठक करू लागलं. आमचे हे हरखूनच गेले. फोन यंत्राजवळ धरून साऱ्या नातेवाइकांना ऐकवत सुटले, "ऐका, आमच्या बाळाचे ठोके! एकदम झकास!" बायको तिकडे कळांनी तळमळतेय, तिची कुणाला पडलीय?

तेवढ्यात नणंदबाईंनी माझं मनगट धरलं. म्हटलं, अगंबाई, आज माया उफाळून आली! माया कसली? कान यंत्राकडे आणि बोटं माझ्या नाडीवर.

"गप्प!" त्या भावावर खेकसल्या. "हे बाळाचे नाहीत, हिचे आहेत. पट्टा सरकलाय."

म्हणजे ह्यांनी अख्ख्या खानदानाला ऐकवलं ते माझं काळीज. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं एवढं कौतुक झालं.

पट्टा नीट लावल्यावर बाळाचे ठोके सापडले. फार मंद होते, कळ ओसरली तरी वाढेनात. डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि मला थेट ऑपरेशनला नेलं. बाळ बाहेर आलं, पण रडेना. खूप खटपटीनंतर रडलं. "मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, तर ते बाळ मोठं होतानाच कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

झालं! तेव्हापासून ड्यूटी संपली की नणंदबाई आमच्याकडे हजर. खुळखुळा डावीकडे, खुळखुळा उजवीकडे. "मान का धरत नाही? इकडे का बघत नाही? अजून बोलत कसा नाही?" माझ्या लेकरात खोट काढायलाच येते ही बया, असं वाटायचं. एकदा तोंडावर म्हणालेच, "वन्सं, उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "पट्टा मी बांधला होता," एवढंच म्हणाल्या आणि खुळखुळा काढून बसल्या. मी मुकाट्याने चहा टाकला.

पोरगं दोन वर्षांचं झालं तरी 'मम्म'च्या पुढे गाडी सरकेना. परवा ते ठोकळे रचत बसलं होतं आणि आत्याची सरबत्ती चालू होती, "पंखा कुठंय? दिवा कुठंय? सांग ना!" त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"आत्या, गप्प! मला घल बांधू दे."

"अरे, मोठ्यांशी असं बोलतात?" हे ओरडले.

"खबरदार त्याला काही बोललास तर!" म्हणत नणंदबाई मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. "पुन्हा म्हण रे राजा, पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं. मग मलाही म्हटलं, कारण मी त्यांच्याहून मोठ्याने रडत होते.