द्वारकात्याची गाठ

दुपारच्या झोपेला आमच्या सासरी झोप म्हणत नाहीत, ‘जरा पाठ टेकणं’ म्हणतात. तर मी पाठ टेकली आहे. बाहेर सासूबाई तांदूळ पाखडतायत, सुपाचा आवाज येतोय, आणि माझ्या हातात फोन आहे. उद्या सकाळी माझ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी आहे, ती रद्द करायला दवाखान्यात फोन लावायचाय. गुंगीचं औषध देतात म्हणून घरचं माणूस बरोबर आणा, असं डॉक्टर म्हणालेत. आणि इथंच घोडं पेंड खातंय. घरात कुणाला काही माहीतच नाही. आज तपासणीसाठी फक्त पातळ पदार्थ घ्यायचेत, तर मी सासूबाईंना ‘सोमवारचा उपास आहे’ असं सांगून मोकळी झालेय. नवरा कामासाठी दिल्लीला गेलाय, त्याला तर ‘जरा उष्णता झालीय’ एवढंच ठाऊक आहे.

फोन छातीवर पडतो. सूप वाजत राहतं, पण त्याची लय बदलते, पाखडणारा हात बदलल्यासारखी. मान वळवून बघते तर द्वारकात्या बसलीय. माझ्या वडिलांची थोरली बहीण, मी कॉलेजात असताना गेलेली. तीच डावखुरी, सूप उलट्या बाजूनं झटकणारी. मला मुळीच नवल वाटत नाही.

“सरक तिकडं,” ती म्हणते, आणि मी सरकते ती एसटीच्या बाकावर. बार्शीची गाडी आहे, दाराजवळची जागा. आत्या कायम दाराजवळच बसायची, खिडकी मोकळी असली तरी. आम्ही पोरं तिला हसायचो. आता मीही कुठं गेले की आधी संडास कुठंय ते बघते आणि मग माणसांना नमस्कार करते. तिला हे सांगते तर ती पदर तोंडाला लावून हसते. तिच्या पदराच्या टोकाला गाठ आहे. ती कायमच असायची. काही विसरायचं नसलं की बायका मारतात तशी, पण आत्याची सुटलेली कुणी पाहिली नव्हती.

गाडी थांबत नाही, तरी आम्ही पंगतीत बसलेलो असतो. पानं मांडलेली, जिलबी घेऊन वाढपी येतो. आत्या पानावर हात आडवा धरते. “माझा उपास आहे.” पलीकडच्या बायका एकमेकींना सांगतात, केवढं करते देवाचं, अंगावर मांस नाही पण एक वार सोडत नाही. वाढपी माझ्याकडे येतो. माझाही हात आपोआप पानावर आडवा होतो.

आत्या वळून बघते. “तुझा कसला गं हेमे?”

“सोमवार.”

“माझे मंगळवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी. देवांनासुद्धा कळलं नसेल, ही बाई आमच्यासाठी उपाशी राहते की पोटासाठी.”

मला हसू येतं आणि त्याच दमात रडूही येतं. आत्या गेली तेव्हा सगळे म्हणाले, उपास करकरून गेली, पुण्यवान बाई. अंगात रक्त उरलं नव्हतं तिच्या. कुणी मूळव्याध म्हणून सुरण खायला घातला, कुणी उष्णता म्हणून सब्जा आणि गुलकंद. जेवलं की पोटात कळ, कळ आली की धाव, आणि धावून रक्त. मग न जेवलेलंच बरं, आणि न जेवण्याचं कारण कुणी विचारू नये म्हणून उपास. मला हे सगळं कसं कळतं? माझंही तेच चाललंय.

पंगत उठते. आम्ही तिच्या घराच्या मागच्या पायरीवर बसलोय, समोर संडासाचं पत्र्याचं दार, आणि दाराच्या आत चक्क माझ्या डॉक्टरांची खोली दिसतेय. आत्या विचारते, काय म्हणाले ते. मी सांगते की मूळव्याध नाही, उष्णता नाही, मोठ्या आतड्याला आतून सूज येते आणि जखमा होतात. आपल्या अंगात रोगाशी लढणारी शक्ती असते, तीच आपल्या आतड्यावर उलटते.

“म्हणजे राखणदारानंच मालकाला बडवलं.”

“तसंच. का ते डॉक्टरांनाही पुरतं माहीत नाही. तिखट खाल्ल्यानं होत नाही, पापानं तर नाहीच. मुळासकट जात नाही, पण औषधानं शांत राहतं. गोळ्या मात्र मनानं सोडायच्या नाहीत.”

“मग त्या रांगोळीच्या डब्यात काय करतायत?”

मेलेल्या माणसापासून काही लपत नाही. बरं वाटायला लागलं होतं म्हणून बंद केल्या, असं मी पुटपुटते. शिवाय रोज डबा उघडताना सासूबाई बघतील ही धास्ती होतीच. आता रक्त पुन्हा सुरू झालंय, म्हणून तर उद्याची तपासणी. आत्या रागवत नाही. रागवली असती तर बरं झालं असतं.

“काय नाव म्हणालीस त्याचं?”

“अल्सरेटिव्ह कोलायटिस.”

ती ओठ हलवून बघते, तिला जमत नाही. “माझ्या दुखण्याला नावच नव्हतं गं. म्हणून मी त्याला देवाचं नाव लावलं. तुझ्याकडे नाव आहे, आणि तू पुन्हा देवालाच पुढं करतेस?”

मी तिच्या पदराचं टोक हातात घेऊन विचारते, तुझ्या पदराची ती गाठ कसली होती? ती म्हणते, सांगायची आठवण म्हणून मारली होती. आधी आईला सांगायचं होतं, मग यजमानांना, मग तुझ्या बापाला. सांगितलं की सोडायची, असं ठरवलं होतं. ती तशीच बरोबर गेली.

मग ती माझी ओढणी पुढ्यात ओढते. “पदर नाही तर नाही, हे चालेल,” म्हणते आणि डाव्या हातानं टोकाला पीळ देते. तिच्या बोटांना सब्जाचा वास येतो.

“हेमांगी, उठतेस का? साबुदाणा भिजलाय, खिचडी टाकू?”

दारात सासूबाई आहेत, हातात सूप. उन्हाची तिरीप पलंगावर आलीय. फोन खाली पडलाय, नंबर लावलेलाच नाही. मी उठून बसते, आणि सासूबाईंची नजर माझ्या ओढणीवर जाते. टोकाला गाठ आहे, घट्ट.

“काय विसरायचं नाहीये एवढं?” त्या विचारतात.

“आई, माझा उपास नाहीये,” मी म्हणते. “सोमवारचा नाही, कसलाच नाही. मला आतड्याचं दुखणं आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात याल?”

सासूबाई सूप खाली ठेवतात. पलंगाच्या कडेला बसतात आणि माझी ओढणी मांडीवर घेऊन गाठ सोडवायला लागतात. ती सुटत नाही. त्या चष्मा पुढे ओढून नीट बघतात.

“येईन की. पण ही उलटी मारलीय,” त्या म्हणतात. “डावखुऱ्या माणसानं मारल्यासारखी. तू तर उजव्या हाताची. कुणी मारली?”

“माझ्या आत्यानं,” मी म्हणते, आणि पहिल्यापासून सांगायला लागते.