पेंटरमामांनी पुसलेले एकसष्ट डाग

तर पेंटरमामा त्या सभागृहाच्या दारात उभे राहिले, काखेत पोस्टरची गुंडाळी, खिशात टाचण्यांची डबी आणि तोंडभर हसू, इथवर काल आलो होतो. हसू का नसावं? सख्ख्या बहिणीची मुलगी संशोधन करते, तिचं पोस्टर आज शंभर शहाण्या माणसांपुढे लागणार, आणि ते छापलंय कुणी? मामांनी!

भाचीचं काम होतं टोमॅटोच्या पानांचं. झाडाला रोग लागला की तो आपल्याला दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. पण त्याच्या आठ दिवस आधी पानावर मोहरीएवढे फिकट डाग उमटतात, नीट बघितलं तरच दिसणारे. पोरीनं तीन वर्षं वाकून वाकून ते डाग मोजले. त्या दिवशी सभागृहात संशोधनाच्या पोस्टरांची स्पर्धा होती; परीक्षकांना जे पोस्टर सगळ्यांत पटेल, त्याच्या माणसाला वर्षभर मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. जागा एकच.

आता मामांचं सांगायचं तर हा माणूस मूळचा पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, सगळं ब्रशनं. पुढे बॅनर छापायची मशीनं आली, ब्रश कोरडा पडला, तेव्हा मामांनी खाटेएवढं मशीन घेतलं आणि पन्नाशीत माउस धरायला शिकले. बॅनरवर कुणाचा ना कुणाचा फोटो असायचाच, आणि फोटोवाल्याची एकच मागणी: "मामा, जरा साफ करून घ्या हं." मामा साफ करायचे. मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं गायब. एकदा एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाच्या बॅनरवर गालावरचा मस इतका बेमालूम उडवला, की त्यांच्याच बायकोनं विचारलं, "हे नवीन मुख्याध्यापक का?"

भाचीनं आदल्या दिवशी दुकानात बसून पोस्टर पडद्यावर तपासलं होतं. अक्षरं, तक्ते, मार्गदर्शकांचं नाव, सगळं ठीक. "मामा, आता फक्त छापा," म्हणाली आणि गेली. मामा छापायला बसले. पण चारही फोटोंतली पानं बघून त्यांचा जीव तुटला. आपल्या घरच्या पोरीचं पोस्टर, चार लोक बघणार, आणि पानं अशी डागाळलेली? त्यांनी चहा बाजूला ठेवला, पडद्यावर पान मोठं केलं आणि एकेक डाग टिपून काढला. तासभर. नंतर चहा गारच प्यायले, पण समाधानानं.

सभागृहात भाचीनं फळ्यावर पोस्टर उलगडलं. मामा वरच्या कोपऱ्यात टाचणी दाबत होते. खालून काहीच आवाज येईना म्हणून त्यांनी वळून बघितलं. पोरगी एका पानावर बोट ठेवून उभी होती. पान हिरवंगार, तुकतुकीत. खाली छापलेलं: डाग, तेवीस. शेजारचं पान त्याहून देखणं. खाली: डाग, एकोणीस. मग अकरा. मग आठ.

"मामा, डाग कुठे गेले?"

"काढले की!" मामा कौतुकानं म्हणाले. आणि पोरीचा चेहरा बघितल्यावर त्यांच्या हातातली टाचणी खाली पडली.

पंधरा मिनिटांत परीक्षक येणार. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, मशीनला एका पोस्टरला अर्धा तास लागतो. मामांनी घाईघाईनं खिशातून पेन काढलं. "मी परत काढतो गं. एकेक कुठे होता ते मला पाठ आहे. तेवीसच्या तेवीस, जागच्या जागी!"

"नको मामा."

"अगं, हुबेहूब काढीन. आयुष्यभर दुसरं केलं काय?"

"मामा, हातानं काढलेला डाग म्हणजे खोटा पुरावा. मग मला इथून हाकलूनच देतील."

आता काय करणार? ज्या हातात आयुष्यभराची कला होती, तो हात खिशात घालून मामा खांबाला टेकून उभे राहिले. पोरीनं मोबाइलवर मूळ फोटो उघडले आणि दोन तास तो मोबाइल पोस्टरशेजारी धरून बोलत राहिली. उजवा हात दुखला की डाव्या हातात. परीक्षक त्या तळहाताएवढ्या पडद्यात वाकून बघायचे, मग पोस्टरवरच्या गुळगुळीत पानांकडे, आणि पुढच्या फळ्याकडे सरकायचे. मामा प्रत्येकाच्या पाठीकडे बघत राहिले.

चार वाजता दारावर कागद लागला. त्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

भाची टाचण्या काढायला लागली. मामा गुंडाळी धरायला पुढे झाले, पण कुठून धरावं तेच त्यांना कळेना. तेवढ्यात परीक्षकांतल्या एक वयस्कर बाई चहाचा कप घेऊन परत आल्या. "काम चांगलं आहे तुझं. पुढच्या वर्षी नक्की ये," त्या भाचीला म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "हे तुम्ही छापलंत?"

"हो बाई."

"अहो, फोटोखाली आकडे लिहिलेले, ते वाचले नाहीत?"

"वाचले की. अक्षर न् अक्षर वाचलं. एक चूक नाही."

बाई हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. त्यांनी कप खिडकीत ठेवला. "मग तेवीस डाग वाचून तेवीसही पुसलेत कसे?"

मामांनी एकदा भाचीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत माझ्या दुकानात जो आला तो डाग घालवायलाच आला, डाग दाखवायला आलेली ही पहिलीच. डोक्याला कळलं होतं हो, पण हाताला सांगायचं राहून गेलं."