सूक्ष्मदर्शकाचे मामा

आपल्या घरातली वस्तू आपल्याच घरात पडून राहिली, की ज्याच्या पोटात दुखू लागतं असा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब! लग्नानंतर पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कोपऱ्यातल्या आमच्या नव्याकोऱ्या शिडीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, हिच्यावर रोज चढता का?" मी म्हटलं, "रोज कशाला? दिवाळीला, जळमटं काढायला." "मग उरलेलं वर्ष ही इथे काय करते?" शिडी त्यांच्याबरोबर सदाशिव पेठेत गेली ती गेलीच. दिवाळीला आता आम्ही ती मागून आणतो.

मामांच्या इमारतीत बिऱ्हाडं बारा आणि पुरणयंत्र एक. बाकीची मामांनी कधी गोड बोलून, कधी अबोला धरून मोडीत घालायला लावली. होळीच्या दिवशी ते यंत्र तळमजल्यावरून निघतं आणि एकेक घर घेत वर चढतं. त्यालाही मामांचा नियम आहे. ज्यानं वापरलं त्यानं धुऊन, पुसून ते पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यायचं, आणि त्या घरचं पुरण नीट वाटलं जातंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचं नाही. म्हणजे दांडा कोणी वाकवला यावरून वर्षभर धुसफूस नको. मामा स्वतः राहतात सगळ्यात वरच्या मजल्यावर. "सगळ्यांचे ढेकर ऐकून झाले, की आमचं पुरण चढतं," असं मामी म्हणतात.

नोकरीभर मामांनी एका प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक सांभाळले. त्याचा त्रास आम्हाला असा, की खडकवासल्याचं छान गार पाणी पुढे केलं तरी ते पेला उजेडात धरतात आणि आत कोण कोण नांदत असेल ते सविस्तर सांगतात. मग तहान राहते बाजूला. निवृत्तीच्या सुमाराला त्या प्रयोगशाळेत प्रशिक्षणासाठी एक शिक्षिका आल्या, अरबी समुद्रातल्या पार लांबच्या एका बेटावरच्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढीचनात. शेवटी हिंदीत म्हणाल्या, "सर, आमच्या मुलांनी हे यंत्र फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलंय." त्यांच्याकडे विहिरीच्या पाण्याची शंका आली, की बाटली भरून जहाजानं मुख्य भूमीवर पाठवायची. ती पोहोचेपर्यंत नमुना वाटेतच नासायचा, आणि उत्तर येईतो आजारी पडायची ती माणसं पडून उठलेलीही असायची. शेजारच्या बेटांची तीच कथा. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "तिकडे चार बेटांत एक यंत्र नाही, आणि इकडे कपाटभर यंत्रं टोप्या घालून झोपलीत!" हे त्यांनी मला इतक्या रागानं ऐकवलं, जणू त्या टोप्या मीच शिवल्या होत्या.

चार बेटांत मिळून एक उत्तम सूक्ष्मदर्शक, होडीतून या बेटावरून त्या बेटावर फिरणारा, असं मामांनी ठरवून टाकलं. पैशांसाठी एका धर्मादाय संस्थेनं त्यांना बैठकीला बोलावलं, तर हे शिजवलेली डाळ आणि पुरणयंत्र पिशवीत घालून हजर! अध्यक्षांनी विचारलं, "चार बेटांवरचे लोक एक यंत्र भांडल्याशिवाय वापरतील कशावरून?" मामांनी पुरणयंत्र त्यांच्यासमोर ठेवलं. कडक इस्त्रीच्या सगळ्या विश्वस्तांनी त्या दुपारी आळीपाळीनं पुरण वाटलं, यंत्र पुसलं आणि शेजारच्याच्या हाती दिलं. बोटं पुसत अध्यक्ष म्हणाले, "अहो, अर्धे पैसे देतो. पण आता हे आवरा."

उरलेले अर्धे मामांनी लग्नांतून उभे केले. आपल्याकडे पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात ना, ते मामांनी मनावर घेतलं. यजमानांची परवानगी काढायची, कार्यालयाच्या दारात डबा घेऊन उभं राहायचं आणि येणाऱ्याला विचारायचं, "आहेर वाचला ना तुमचा? मग तो इकडे टाका." लोक पाकिटं द्यायचे, शिवाय वर नमस्कार करायचे. मामी म्हणाल्या, "यांच्या धास्तीनं लोक पळून जाऊन लग्नं करायला लागतील."

यंत्र आलं. ते न्यायला आणि चालवायला शिकायला त्या बाई पुन्हा पुण्यात आल्या, मामांकडेच उतरल्या. त्यांच्याबरोबर मामाही निघणार होते. यंत्र स्वतः नेऊन द्यायचं, पोरांना त्यातून बघताना बघायचं, मगच परतायचं. नियम म्हणजे नियम! मामांनी आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवलेला नव्हता. तयारी म्हणून ते या वयात पोहायच्या तलावावर जाऊ लागले आणि कमरेइतक्या पाण्यात न घाबरता उभं राहण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. दुसरं काही बोलायचेच नाहीत. इतकं हरखलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जहाजावर जागा मिळाल्या दोन. बाईंनी चाचरत सांगितलं, की यंत्राची पेटी सामानाबरोबर खाली जाईल, तिथे ओल असते, पोती तिच्यावर आदळतात. मामांनी वरणभात कालवता कालवता विचारलं, "आणि वर, निजायच्या जागेवर ठेवली तर?" बाई म्हणाल्या, "मग तुम्ही कुठे निजणार, सर?" मामांनी भात संपवला. हात धुऊन आले आणि म्हणाले, "मला नाहीतरी बोट लागली असती." जहाजावरच्या लोकांची समजूत बाईंनी फोनवरून घातली, आणि मामांच्या जागेवर, मामींनी दिलेल्या गोधडीत, यंत्र समुद्रावर गेलं.

नंतर एका सकाळी बाईंनी शाळेतून व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे मामांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. नुसता वारा आणि पोरांचा गिल्ला. मामा ओरडत होते, "धीरे! धीरे घुमाओ!" एकदम सगळं शांत झालं, मग यंत्राला डोळा लावलेली एक पोरगी किंचाळली आणि बाकीची तिच्यावर तुटून पडली. बाईही फोन तसाच बाकावर उभा टेकवून तिकडे धावल्या. मामांनी आपला फोन अगदी डोळ्यांशी नेला. मामींनी हळूच विचारलं, "काय दिसतंय हो?"

"पाठी," मामा म्हणाले. "सगळ्यांच्या पाठी. एकसुद्धा माझ्याकडे बघत नाहीये." आणि चष्मा काढून ते खुशाल हसत बसले. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.